कुंपणातला पिंपळ

डोंगराच्या पायथ्याशी एक धुळकट, तांबडी वस्ती होती. तिथे उत्पला नावाची चिमुरडी राहायची. तिला बाप नव्हता आणि मायला तापानं धरलं होतं. बुद्धविहाराची बाग झाडायचं काम मायचं. ती बाजेवर पडली, तेव्हा तिचा खराटा उत्पलानं उचलला. खराटा तिच्याहून उंच होता. कामाच्या बदल्यात रोज भाकरी मिळायची. काम गेलं की भाकरी गेली, इतका तो सरळ हिशेब होता.

बागेत एक पिंपळ होता. काय त्याचं रूप! वैशाखात त्याला तांब्याच्या रंगाची, गुलाबी झाक असलेली कोवळी पानं फुटायची आणि वाऱ्यावर इवल्या इवल्या आरशांसारखी लखलखायची. बुद्धाला अशाच झाडाखाली ज्ञान झालं, म्हणून वस्तीनं तो लावला होता. रोप शेळ्या खातील म्हणून भोवती लोखंडी कुंपण घातलं. रोपाचं झाड झालं, झाडाची सावली पसरली, तशी वस्तीनं कुंपणही मागे मागे सरकवत नेलं. मग त्याला कुलूप लावलं. पाण्याचा हौदसुद्धा आतच राहिला. शेळ्या झाड खातील ही भीती केव्हाच संपली होती. आता माणसं सावली खातील अशी भीती होती बहुतेक!

किल्ली दौलतबापूंकडे असायची; झाडण्यापुरतं ते कुलूप काढून देत. बापू विहार समितीचे अध्यक्ष. ते रोज वंदना म्हणायचे, करुणेवर भाषण द्यायचे, आणि कुणी कुंपणाला टेकलं तरी ओरडायचे. एकदा अंगात ताप असताना मायनं झाडाखाली जरा पाठ टेकली होती.

"ऊठ बाई," बापू म्हणाले होते. "ही पवित्र जागा आहे, दवाखाना नाही."

ते उत्पलानं ऐकलं होतं. तेव्हापासून बापूंचं नाव निघालं की तिच्या पोटात निखारा पेटायचा.

एका दुपारी ती आत झाडत होती, तेव्हा कुंपणाच्या गजांतून एक काळं नाक आत आलं. खरजेनं केस झडलेला, जीभ बाहेर लोंबणारा कुत्रा होता तो. आत कुणाला घ्यायचं नाही, अशी बापूंची सक्त ताकीद होती. उत्पलानं इकडे तिकडे पाहिलं आणि फाटक उघडलं. करवंटीत पाणी दिलं. कडुनिंबाचा पाला ठेचून पाण्यात कालवला आणि त्या पाण्यानं त्याच्या जखमा हळूहळू धुतल्या. कुत्रा सावलीत अंग टाकून निजला.

तोच वरचं एक कोवळं पान उलगडलं. आतून बोटभर परी बाहेर आली. तिचे पंख पिंपळाच्या जाळीदार पानाचे होते आणि अंगावर सोनेरी धुळीचे कण चमचमत होते.

"घाबरू नकोस, बाळा," ती म्हणाली. "मी या पिंपळाची परी."

"मग इतके दिवस कुठं होतीस?" उत्पलानं कमरेवर हात ठेवून विचारलं.

"कुणी सावलीत विसावलं, तरच माझे डोळे उघडतात. कुणी येऊच दिलं नाही गं." परी हसली. "मी तुला तीन इच्छा देते. पहिली मुक्या जिवासाठी, दुसरी परक्यासाठी, आणि तिसरी ज्याच्यावर तुझा सगळ्यात जास्त राग आहे त्याच्यासाठी. पण इच्छा आधी हातांनी मागायची. तुझ्याच्यानं होईल तेवढं तू करायचं, उरलेलं मी करीन."

"आणि माझ्या मायसाठी?"

"तिन्ही झाल्या की चौथी तुझी."

"म्हणजे बापूंचं भलं केल्याशिवाय माझी माय बरी होणार नाही? हा कुठला न्याय?"

"न्याय नाही, नियम आहे," परी हळुवारपणे म्हणाली. "तुझ्यापाशी माया पुष्कळ आहे. तिला कुंपण आहे, एवढंच."

उत्पलाला ते मुळीच पटलं नाही. पण कुत्र्यासाठी तिनं मागितलं. खरूज गळून पडली आणि त्याच्या अंगावर मऊ, मधाच्या रंगाची लव चमकू लागली.

दुसऱ्या दुपारी डोक्यावर विकायच्या जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, भांड्यांची पाटी घेऊन गयाआजी आली. ती परगावची, अनवाणी होती. तापलेल्या रस्त्यानं तिचे तळवे फोडांनी भरले होते. उत्पलानं तिला आत, सावलीत लोळणाऱ्या कुत्र्याशेजारी बसवलं, तिचे पाय गार पाण्यात धरले, स्वतःची ओढणी फाडून बांधले. मग परीला हाक मारली. फोड विरले आणि आजी पाय हलवून बघतच राहिली.

"अगं, हे तर नवरीचे पाय झाले!"

ती खदखदून हसली, आणि नेमकं तेव्हाच फाटकाशी दौलतबापू उभे राहिले. भर उन्हात तरातरा चालत आले होते. चेहरा लालेलाल.

"कुत्रं? भांडेवाली? पवित्र झाडाखाली?" ते गरजले. "उद्यापासून तुझ्या मायचं काम बंद!"

आणखी काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही. ऊन लागलं होतं. बापू गजाला धरून खाली बसले आणि धुळीत कलंडले.

"पडू दे मेल्याला जरा," गयाआजी म्हणाली.

उत्पलालाही तसंच वाटलं. खोटं कशाला सांगू? काम गेलं, भाकरी गेली, आता मायनं काय खायचं? निखारा पोटात भगभगत होता. पण बापूंची जीभ बाहेर आली होती, कोरडी, अगदी त्या कुत्र्यासारखी. राग तसाच राहिला; हातांना मात्र थांबवेना.

"आजी, पाय धर!"

दोघींनी मिळून त्यांना सावलीत ओढलं. उत्पलानं डोक्यावर पाणी ओतलं. आजीनं पदराच्या गाठीतला कांदा सोडला, तो ठेचून तळव्यांना चोळला.

"परी, बापूंना बरं वाटू दे," उत्पला म्हणाली. "माझा राग आहे त्यांच्यावर. तरी बरं वाटू दे."

बापूंनी डोळे उघडले. कुत्रा त्यांचा हात चाटत होता. वर तांबूस पानं सळसळत होती.

"गार आहे इथं," ते पुटपुटले. "मी तुझ्या मायला इथून उठवलं होतं ना?"

"हो."

"कुठं आहे ती?"

"पत्र्याखाली. भाजतेय."

परी उत्पलाच्या खांद्यावर उतरली. "माग आता चौथी."

"थांब," उत्पला म्हणाली. "आधी बाज आणते."

बाजेची एक बाजू उचलायला दौलतबापू धडपडत उठले. दुसरी बाजू गयाआजीनं आणि उत्पलानं धरली. कुत्रा पुढे पुढे पळत होता. त्यांनी मायला पिंपळाच्या बुंध्याशी आणलं. उत्पलानं तिच्या कपाळावर ओली घडी ठेवली आणि डोळे मिटून मागितलं.

मायचा ताप उतरला. तिनं लेकीच्या केसांतून हात फिरवला.

बापूंनी फाटक बिजागरीतून उपटून काढलं आणि झाड आतून उजळलं. पान न् पान पेटलेल्या पणतीसारखं झालं. परी त्या उजेडात मिसळत गेली, आधी पंख, मग हसू, मग सोनेरी धूळ.

"आता सगळ्यांना येऊ द्या," एवढंच ऐकू आलं.

पुढे कुंपणही निघालं. उन्हातून येणारी माणसं आणि गुरं तिथं टेकतात, हौदावर पाणी पितात. माय पुन्हा बाग झाडते. कुलूप तेवढं राहिलं. चांगलं जड आहे, म्हणून वस्तीतली पोरं त्यानं चिंचोके फोडतात.