आंबलेला दगड

राजे हत्तीवरून हिंडत असत, त्या फार जुन्या काळी एका डोंगराळ राज्यात एक परटीण राहत होती. राजवाड्यातले कपडे तीच धुवायची.

डोंगरात राजाची तांब्याची खाण होती. तांबं संपलं, तशी माणसं खाण उघडीच टाकून निघून गेली. बाहेर काढलेल्या पिवळ्या, चकाकत्या दगडांचे ढीगही तसेच पडून राहिले. चार पावसाळे गेले आणि खाणीतून येणारा ओढा नारिंगी झाला.

प्रधान दरबारात धावत आला. "महाराज, आपल्या पुण्याईनं ओढ्याला सोनं वाहतंय!"

राजा हुरळून गेला. त्यानं ओढ्याचं नाव सुवर्णगंगा ठेवलं.

परटिणीला मात्र घोर लागला. मासे मरून वर आले होते. पाण्याचा थेंब जिभेला लावला, तर चिंचेहून आंबट! धुतलेल्या कपड्यांवर तांबूस डाग पडत होते, कापड विरत होतं. ती दरबारात गेली.

"महाराज, ते सोनं नाही, गंज आहे. डोंगराच्या पोटातला पिवळा दगड आपण उघडा टाकला. त्याला हवापाणी लागलं आणि तो आंबला."

"दगड म्हणजे काय ताक आहे, आंबायला?" प्रधान म्हणाला. दरबार खो खो हसला.

राजानं फर्मावलं, "दसऱ्याचा माझा पोशाख सुवर्णगंगेतच धुवायचा!"

"महाराज, पुन्हा विचार करावा."

"तीनदा धुवायचा!"

हुकूम तो हुकूम. तिनं तीनदा धुतला.

दसऱ्याला राजा हत्तीवर बसला. प्रजेला आशीर्वाद द्यायला हात उचलला, तर बाही गळून पडली. हत्तीनं पाऊल टाकलं आणि धोतर टर्रकन फाटलं.

"महाराज," प्रधान घाईघाईनं म्हणाला, "सोन्याचं तेज कापडाला पेलवलं नाही!"

राजा हत्तीची झूल गुंडाळून वाड्यात परतला. दुसऱ्या दिवशी त्यानं परटिणीला बोलावलं. या वेळी त्याचा आवाज अगदी खाली आला होता.

"बाई, आता काय करायचं?"

तिनं ओढ्याचं पाणी घागरीत घेतलं आणि त्यात चुनखडीचे खडे टाकले. पाणी फसफसलं.

"आंबटपणा असा मारायचा, महाराज. पण आधी खाणीचं तोंड बुजवा, ढिगांवर चिकणमाती घाला. नाहीतर ओढा आंबतच राहील."

राजानं तसंच केलं. चुनखडीच्या पाट्या वाहायला प्रधानालाच जुंपलं. तरीही राजाचे केस पिकले, तेव्हा कुठे ओढ्यात पहिला मासा दिसला.

तात्पर्य: जमीन उकरण्याआधी, ती पुन्हा झाकायची कशी हे ठरवावं.