आंघोळ घातलेला दोर

राजाच्या नकाशातही जिथे अजून नुसता हिरवा रंग फासलेला होता, अशा एका नदीच्या काठी हौसा नावाची आठ वर्षांची मुलगी आईबरोबर राहायला आली. नदी निळीशार, वाळू रुपेरी, करंजाची कोवळी पानं पोपटी. दिसायला सगळं कसं गोडगोजिरं! पण हौसाला ते बघायला सवड कुठली? तिच्या चिमुकल्या तळहातांवर फोड आले होते आणि पायांत काटे मोडले होते.

त्याचं असं झालं. राजाने दवंडी पिटवली होती, की नदीकाठचं रान जे घर साफ करील, त्या घराला काठाकाठाने मोजणीच्या दहा दोरांएवढी जमीन मिळेल, मागे थेट टेकडीपर्यंत, आणि तीही कायमची. ते ऐकून आठ घरं बैलगाड्यांत संसार घालून निघाली. हौसाचे वडील वाटेतच तापाने गेले. मायलेकी रडल्या, पण मागे फिरल्या नाहीत. बाई एकटी, पोर लहान, म्हणून सगळ्यांत शेवटचा आणि सगळ्यांत काटेरी तुकडा त्यांच्या गळ्यात बांधण्यात आला. चार महिने दोघी राबल्या. बाभळी तोडल्या, गोटे वेचले. शेवटी काळीभोर माती वर आली, तेव्हा एका इवल्याशा झऱ्याशेजारी त्यांनी कुडाची झोपडी उभी केली. झरा एवढासा, ओंजळीत मावेल असा, पण पाणी मात्र खडीसाखरेसारखं गोड.

मग मोजणीदार आले. गुंडोपंत त्यांचं नाव. डोक्यावर लालचुटुक पगडी, पायांत करकर वाजणारे जोडे, आणि बरोबर मोजणीचा वीस हाती दोर. हा दोर अंबाडीचा होता आणि तो हौसाच्या आईनेच वळून दिला होता, कारण तिच्यासारखा दोर त्या आठ घरांत कोणालाच वळता येत नव्हता.

पहिल्या दिवशी टळटळीत उन्हात धोंडाजी मुकादमाची जमीन मोजली गेली. या सगळ्या घरांना रानात घेऊन आला तो हा मुकादम. त्याबद्दल राजाने त्याला जास्तीचा एक शब्द दिला होता. आठही घरांची मोजणी संपली, की पुढे नदीच्या वळणापर्यंत जी जमीन उरेल ती मुकादमाची. झालं! इथेच सगळं पाणी मुरत होतं.

दुसऱ्या दिवशी गुंडोपंत म्हणाले, "नदीकाठची मोजणी आहे. दोराला नदीत आंघोळ घातल्याशिवाय पुढचं माप घेणं बरं दिसत नाही."

लोकांना ते फार पटलं. दोर चांगला तासभर पाण्यात बुडवला. बाहेर काढून त्याला हळदकुंकू वाहिलं. बायकांनी तबकं आणली, निरांजनं लावली आणि दोराला ओवाळलं. पुरुषांनी हात जोडले. आणि अंबाडीचा दोर ओला झाला की आखडतो, हे रोज गुरं बांधणाऱ्या या शहाण्यांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही!

हौसाच्या आईच्या मात्र आलं. ती हळूच म्हणाली, "पंत, वली अंबाडी आखडती. जरा उन्हात वाळवून घ्या की."

"देवाच्या कामात खोट काढतेस, बाई?" गुंडोपंत गरजले.

शेजारचा भिकू तात्या लगेच तिच्यावरच डाफरला, "गप ऱ्हा गं! नदीचा कोप झाला तर कोन निस्तरनार?"

आई मागे सरली. हौसाच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. आणि का होऊ नये? जो दोर यांना लुबाडत होता त्यालाच हे कुंकू लावत होते, आणि खरं बोलणाऱ्या बाईला गप्प करत होते!

मुकादमाच्या जमिनीला लागून मोजणी पुढे सरकत गेली. एका दोरामागे हातभर जमीन कमी भरली. दहा दोरांमागे दहा हात. मुकादम सोडून बाकीच्या सात घरांचे मिळून सत्तर हात, आणि सातवं घर होतं हौसाचं. सगळ्यांची जमीन मुकादमाच्या बाजूला थोडी थोडी सरकली, आणि हौसाची शेवटची खुंटी तिच्या झोपडीच्या अलीकडेच ठोकली गेली. झोपडी पलीकडे गेली, झराही पलीकडे गेला, म्हणजे दोन्ही मुकादमाच्या वाट्याला गेले.

"उद्या दुपारी नारळ फोडून खुंट्यांच्या जागी दगड रोवायचे," मुकादम मिशीवर हात फिरवत म्हणाला. "एकदा दगड बसला की राजाला बी हलवता यायचा न्हाई. तवा बाई, उद्या सांजच्या आत झोपडी उचला. आन् खुंटीला हात लावायचा न्हाई कुनी. लावंल त्याची समदी जमीन जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसा त्या खुंटीपाशी गेली. खुंटी होती करंजाच्या बनात, नदीच्या अगदी कडेला. पानांतून सोनेरी कवडसे सांडत होते, जांभळी फुलपाखरं भिरभिरत होती, आणि कोणीतरी बारीक, किणकिणत्या आवाजात चक्क भांडत होतं.

"विचारलं तरी का कोणी? इथे कोण राहतं, म्हणून एका शब्दाने तरी विचारलं?"

हौसाने वाकून पाहिलं. बोटभर उंचीची एक परी! तिचे पंख चतुराच्या पंखांसारखे पातळ होते, केसांत दवाचे टपोरे मणी होते आणि अंगात खंड्या पक्ष्यासारखा निळाजर्द घागरा होता. त्या घागऱ्याच्या मधोमध ती दणकट खुंटी ठोकलेली होती. बिचारीला ना उडता येत होतं, ना बसता.

"अगं बाई! लई लागलं का गं?" हौसाने विचारलं.

"घागरा फाटेल माझा. काढ ना ती खुंटी, बाळ."

हौसाचा हात पुढे झाला आणि थबकला. खुंटी काढताना कोणी पाहिलं तर? होती नव्हती ती जमीनही जाईल, आई उघड्यावर पडेल. तिने इकडे तिकडे पाहिलं. परीचे इवले डोळे पाण्याने भरले होते. मग हौसाने ओठ घट्ट मिटले, दोन्ही हातांनी खुंटी हलवली आणि उपटली. परी झुळ्ळकन वर उडाली, आणि तिच्या पंखांतून चंदेरी चुऱ्याचा शिडकावा झाला.

हौसाने खुंटी त्याच भोकात पुन्हा रोवली आणि दगडाने ठोकून पक्की केली.

परी तिच्या खांद्यावर येऊन बसली. "कोणी बघत नव्हतं. झोपडीच्या पलीकडे का नाही रोवलीस?"

"मंग मी बी पंतावानीच झाले की!" हौसा फणकारली. मग जरा खाली बघून म्हणाली, "हे बन तुजं हाय, हे ठावं नव्हतं आमाला. आमी हितं ऱ्हायलो तर चालंल का?"

परी गोड हसली. "एवढे लोक आले, एवढं मोजून झालं, पण हे विचारणारी तू पहिली. राहा. बनाला मात्र कुऱ्हाड लावू नका. आणि आता एक वर माग. पण त्याला नियम आहेत हं. वर एकच मिळेल, आणि दगड रोवण्याच्या आत मागायचा. तू जे मागशील तेच या काठावरच्या प्रत्येक घराला मिळेल, चांगल्यालाही आणि वाईटालाही. आणि मनातल्या मनात नाही मागायचं. सगळ्यांसमोर, मोठ्याने मागायचं."

"परत्येकाला? त्या मुकादमाला बी?"

"त्यालाही."

"ह्यो कसला न्याय?" हौसाने पाय आपटला. "चोराला बी तेच, आन् माज्या आयेला बी तेच?"

"नियम म्हणजे नियम, राणी," परी म्हणाली आणि पानाआड गेली.

हौसा धुसफुसतच घरी आली. आई खालमानेने गाडगी-मडकी बांधत होती. हौसाने मनात नाना वर मागून पाहिले. जमीन दुप्पट मागावी, तर मुकादमाचीही दुप्पट. सोन्याची घागर मागावी, तर त्याच्या दारातही सोन्याची घागर. मुकादमाची जमीन नाहीशी होवो म्हणावं, तर आपलीही जाणार! काहीही मागा, तो मेला आपला पुढे तो पुढेच.

तेवढ्यात आईने बोचकं बांधता बांधता एक दोरी ओढून पाहिली आणि आपल्याशीच पुटपुटली, "पुरा वीस हात वळून दिला व्हता म्या. येक बोट कमी न्हाई."

हौसा ताडकन उभी राहिली. सगळ्यांना सारखंच मिळालं, तरी चोराला तेवढं नको वाटेल असं काय असतं? तिला ते सापडलं होतं.

दुपारी सगळे काठावर जमले. सात मोठाले दगड ओळीने मांडले होते. दोराला पुन्हा आंघोळ घालून पाटावर ठेवलं होतं, कारण दगड रोवण्याआधी गुंडोपंत माप पुन्हा एकदा दाखवणार होते. त्यांनी नारळ उचलला.

"थांबा!" हौसा ओरडली.

"अरे, हिला आवरा कुनीतरी," मुकादम म्हणाला. भिकू तात्या पुढे झाला. पण काल आईलाही असंच गप्प केलं होतं, ते हौसाला आठवलं आणि राग तिच्या गळ्यात आवाज होऊन आला.

"मला खरा दोर पायजे! माज्या आयेनं वळला तेवढा! पुरा वीस हात!"

लोक हसायला लागले आणि हसता हसता थांबले. करंजाच्या बनातून निळ्या उजेडाची एक रेघ निघाली आणि पाटावरच्या दोराभोवती गिरकी घेऊन बसली. दोरातलं पाणी मोत्यांसारखं टपटप गळलं. हळदकुंकू ओघळून गेलं. दोर कोरडा झाला, सैल झाला, लांबला, आणि सोन्यासारखा झगझगत काठाकाठाने आपणच धावत सुटला. मुकादमाच्या हद्दीपासून एक, दोन, तीन, असे दहा दोर मोजले, की एक दगड कुशी बदलून उठे आणि बदकाच्या पिल्लासारखा डुलत डुलत आपल्या जागी जाऊन बसे. सगळ्यांत शेवटचा दगड सत्तर हात पुढे गेला. झोपडी ओलांडून गेला, झरा ओलांडून गेला आणि धप्पकन बसला. पलीकडे नदीच्या वळणापर्यंत उरली फक्त चार हात वाळू आणि त्यात एका खेकड्याचं बीळ.

"आन् मला काय मिळालं?" मुकादम किंचाळला.

परी सगळ्यांच्या देखत झुळुकीवर तरंगत होती. "तुलाही तेच मिळालं. खरा दोर. तुझे दहाच्या दहा दोर जागेवर आहेत, मोजून बघ. उरलेलं तुझं, तेही घे."

खेकड्याने बिळातून डोकं काढलं आणि परत आत घेतलं. गुंडोपंतांनी पगडी काखेत मारली आणि करकर जोडे वाजवत जी धूम ठोकली, ती टेकडीपलीकडे. मुकादम गाल फुगवून उभा राहिला.

भिकू तात्या मान खाली घालून हौसाच्या आईपाशी आला. त्याचेही दहा हात त्याला परत मिळाले होते. "चुकलं वैनी. काल मीच तुमाला गप केलं."

"मला सोडा," आई म्हणाली, "पन पुन्यांदा कुनी बोलत आसंल तर आदी आयकून घ्या."

हौसाचा राग अजून पुरता उतरला नव्हता. ती परीला म्हणाली, "आन् असं परत झालं तर? तू येशील नव्हं?"

"मी कशाला? मघाशी ओरडलं कोण?" परीने तिच्या फोड आलेल्या तळहातावर इवलेसे ओठ टेकवले. "वर मी दिला, बाळ. आवाज तुझाच होता."

एवढं बोलून ती उंच उंच गेली. आधी निळी, मग सोनेरी, मग नुसता लखलखता ठिपका झाली, आणि उन्हात ऊन मिसळावं तशी दिसेनाशी झाली. आईने बोचकं सोडलं आणि चूल पेटवली.

जशी हौसाला तिची जमीन मिळाली, तशी ज्याची ज्याची लुबाडली गेली आहे त्याला त्याला मिळो, आणि त्यासाठी परी येण्याची वाट बघायची पाळी कोणावर न येवो.