साळुंकीचं अर्धं वाक्य

ऐका ना, फार फार जुनी गोष्ट आहे, लोखंडालाही कान होते तेव्हाची!

एका राज्यात धरणावर एक लोखंडी हत्ती उभा असायचा. धरणाचं दगडी दार उचलायचं काम त्याचं. पण त्याला फक्त त्याचीच भाषा कळायची. बैलाला कसं, अर्धं सांगितलं तरी उरलेलं तो समजून घेतो. हत्ती? छे! सांगाल तेवढंच करणार.

ती भाषा यायची एकट्या माहूतआज्जीला. एक मुलगी नुकतीच तिच्याकडे शिकायला लागली होती. हत्तीला सांगायचं वाक्य आधी आज्जीच्या साळुंकीला ऐकवायचं, असा नियम. जरा चुकलं की ती किंचाळायची, "चूक!" मुलीला इतका राग यायचा की तेवढं ऐकूनच ती कान झाकायची.

आणि नेमकी आज्जी तापाने फणफणलेली असताना नदीला पूर आला! पाणी धरणाच्या काठाला टेकलं. दार थोडं उचललं नाही, तर धरणच फुटणार. आणि खालच्या गावातलं पहिलं घर मुलीच्या आईचं!

मुलगी धावत धरणावर साळुंकीच्या पिंजऱ्यापाशी आली. "हत्ती, दार उचल."

"चूक! कुठे..."

"बरं! हत्ती, दार लवकर उचल."

"चूक! कुठे थां..."

"गप गं बये!"

"अगं पोरी, पाखराचं काय ऐकत बसलीस?" जमलेले लोक ओरडले. "बुडायचंय का सगळ्यांना?"

मुलीने पिंजऱ्यावर ओढणी टाकली आणि तेच वाक्य थेट हत्तीला सांगितलं.

दार उचललं गेलं. लोकांनी टाळ्या पिटल्या! पण हत्ती थांबेचना. वीतभर, हातभर, पुरुषभर... पाणी सुसाट गावात घुसलं. आईचा गोठा गायीसकट वाहून गेला. आई ओट्यावर चढली.

"थांब, थांब!" मुलगी ओरडली. हत्ती ढिम्म. नुसतं 'थांब' त्याला कळत नव्हतं.

तिने पिंजऱ्यावरची ओढणी ओढली. "बोल गं! पूर्ण बोल!"

"चूक! कुठे थांबायचं ते सांगितलं नाहीस!"

"हत्ती, दार हातभर उंचीवर आण आणि तिथेच थांब!"

दार खाली आलं. पाणी ओट्याच्या शेवटच्या पायरीवरून मागे सरलं.

मुलगी रडत म्हणाली, "आधीच का नाही सांगितलंस?"

"सांगतच होते की," साळुंकी म्हणाली. "तू 'चूक'च्या पुढे कधी ऐकलंस?"

तात्पर्य: चूक दाखवणाऱ्याचा पहिला शब्द झोंबतो, पण उपाय त्याच्या पुढच्या शब्दांत असतो.