मोहाखालचा पिंजरा

फार पूर्वी एका जंगलात मोहाची फुलं खायला बंदी होती. भुरी अस्वलीण ती खाताना सापडली, म्हणून वाघाने तिला मोहाच्याच झाडाखाली पिंजऱ्यात कोंडलं.

पुढे वाघालाच फुलांची चटक लागली आणि बंदी उठली. आता पिंजऱ्यात गळलेली फुलं भुरीने खाल्ली तरी पहाऱ्यावरचा कोल्हा हटकत नसे. तोही तेच चघळत असे.

एकदा वाघ तिथे फुलं वेचायला आला आणि खाता खाता झिंगला.

"महाराज, मग मी आत का?" भुरीने विचारलं.

"तू खाल्लीस तेव्हा तो गुन्हा होता."

"मग तेव्हापुरतंच कोंडायचं होतं. आज कशाला?"

वाघाला ते पटलं. "शुद्धीवर आलो की फेरविचार करतो," म्हणत तो तिथेच आडवा झाला.

भुरी वाट बघत बसली. सकाळी वाघाला जाग आली. डोळे उघडण्याआधी त्याने फुलांसाठी पंजा पुढे केला.