खारूताईने साठवलेला डेटा

सागाच्या आणि मोहाच्या एका दाट जंगलात, नदीच्या अलीकडच्या काठाला, एक खार राहत असे. साठवणुकीत तिचा हात धरणारे उभ्या रानात कुणी नव्हते. चारोळ्या, बोरांच्या आठळ्या, वाळलेली उंबरे, जे हाती लागेल ते ती ढोलीत रचून ठेवी. ढोलीत पाय ठेवायला जागा उरत नसे, तरी खारूताई म्हणे, "असू दे. असलेलं बरं." तिची एकुलती एक लेक नदीपलीकडच्या रानात दिलेली होती. नदी चांगली रुंद, तीत उडी मारायची म्हणजे माशांची दिवाळी करायची! त्यामुळे मायलेकींची भेट व्हायची ती मोबाइलवर, आणि तीही सणासुदीला.

सणासुदीलाच का, असे तुम्ही विचाराल. बालमित्रांनो, या जंगलात नेट होते, पण सोन्याच्या भावाने. टेकडीवरचा टॉवर होता बगळ्याचा. तो घरोघरी नेटचा डबा बसवून देई आणि महिन्याच्या डेटासाठी ज्याच्याकडे जे चांगले असेल नेमके तेच मागे. अस्वलाकडून मधाचे पोळे, सशाकडून कोवळी गाजरे, खारीकडून सूपभर चारोळ्या. एवढे घेऊन डेटा किती द्यायचा? तर घरातल्या पिल्लांनी दोन दिवस गाणी पाहिली की डब्यावरचा हिरवा दिवा लाल झालाच म्हणून समजा. परवडत कुणालाच नव्हते आणि सोडवतही कुणाला नव्हते.

एके दिवशी लेकीचा साधा फोन आला. "आई, माझे दिवस भरत आलेत. डोळे उघडायच्या वेळी तू हवीस हं!"

आता हे 'डोळे उघडायचे' म्हणजे काय, ते सांगायला हवे. खारीची पिल्ले मिटल्या डोळ्यांनी जन्माला येतात. पुढे काही दिवसांनी ती डोळे उघडतात, तेव्हा त्यांना पहिले तोंड आजीचे दिसावे, अशी खारींची रीत आहे. आजीचे तोंड दिसले की पिल्लू जन्मभर धीट राहते म्हणे. खारूताईला तर हे ऐकल्यापासून अन्न गोड लागेना. एवढ्या लांबून तोंड दाखवायचे म्हणजे व्हिडिओ कॉल हवा, आणि व्हिडिओ कॉल म्हणजे घटाघटा डेटा पिणारा राक्षस!

ती सूपभर चारोळ्या घेऊन बगळ्याकडे गेली. पॅक घेण्याआधी तिने चौकस गिऱ्हाइकासारखे सगळे विचारून घेतले.

"बगळोबा, हा डेटा सडतो का हो?"

"छे, छे!"

"कीड लागते? बुरशी? वाळवी?"

"अजिबात नाही, खारूताई. निर्धास्त असा." बगळ्याने हसू चोचीत दाबले. तो खोटे बोलला नाही, पण जे विचारले नाही ते त्याने सांगितलेही नाही.

झाले! खारूताईने डेटाही चारोळ्यांसारखाच साठवायला घेतला. स्वतः एक गाणे ऐकले नाही, की एक चित्र पाहिले नाही. डब्यातून डेटा गळून जाऊ नये म्हणून तिने डब्याभोवती सावरीचा कापूस दाबून भरला. रोज उठल्याबरोबर डेटा किती उरला ते बघायची, आणि सगळाच्या सगळा शिल्लक दिसला की शेपटी फुलवून ढोलीभर नाचायची.

शेजारीपाजारी येत. ससा आला. "खारूताई, आमच्या मोठीची परीक्षा आहे मोबाइलवर. आमचा पॅक उद्या भरतोय. एक दिवसापुरतं तुमचं नेट द्याल?"

"माझं मेलं आहेच केवढं!" खारूताई म्हणाली आणि तिने ढोलीच्या तोंडावर पान ओढून घेतले. मग मोर आला. त्याला आपला नाच चार रानांत पाठवायचा होता. त्याला ती म्हणाली, "पाण्यात बघ की स्वतःला, फुकट दिसतोस." एकदा तर अस्वल पोट धरून आले. मध जास्त झाला होता, आणि पोटदुखीवरचा काढा कसा करतात ते त्याला बघायचे होते. "ओवा चावा, अस्वलमामा," एवढे आतूनच ओरडून तिने पान काही बाजूला केले नाही. ती दुष्ट नव्हती हो. तिच्या डोळ्यांपुढे सारखी ती न पाहिलेली नातवंडे होती, आणि त्यांच्यापुढे तिला दुसरे काही दिसत नव्हते.

दिवस भरले, लेक बाळंत झाली. तीन पिल्ले! खारूताईने फोनवर नुसती चूंचूं ऐकली आणि मन मारून फोन ठेवला. पुढे एका संध्याकाळी लेकीचा धापा टाकत फोन आला. "आई, पापण्या हलायला लागल्या! लाव, व्हिडिओ लाव!"

खारूताईने मिशा सारख्या केल्या आणि व्हिडिओ लावला. पडद्यावर लेक दिसली, घरटे दिसले, घरट्यात तीन इवल्या शेपट्या दिसल्या. तेवढ्यात टेकडीमागे सूर्य बुडाला, आणि चित्र जागच्या जागी थिजले. डब्यावरचा दिवा लाल.

"असं कसं? सगळा डेटा तर तस्साच आहे!" म्हणत खारूताई धूम पळाली ती थेट टेकडीवर. बगळा एक पाय वर घेऊन उभा होता.

"खारूताई, तुम्ही सडतो का विचारलंत. सडत नाही. पण महिना झाला की संपतो, वापरा नाहीतर पुजा! आज तुमचा महिना भरला."

"मग दुसरा पॅक द्या! हवी तर ढोली रिकामी करून न्या."

"आता उद्या सकाळी. सूर्य मावळला की माझी ध्यानाची वेळ." बगळ्याने डोळे मिटले. त्याचे ध्यान कसले असते ते साऱ्या जगाला ठाऊक आहे, पण मिटलेले डोळे कोण उघडणार?

खारूताई परत आली आणि झाडाच्या बुंध्याशी बसून हमसाहमशी रडू लागली. नातवंडे डोळे उघडणार आणि त्यांना आजी दिसणार नाही! आणि मागायचे तरी कुणाकडे? ज्यांच्या तोंडावर पान ओढले त्यांच्याकडे?

रडणे ऐकून ससा बिळाबाहेर आला. सगळे ऐकून तो म्हणाला, "मग इथे बसून काय रडताय? चला आत!"

"पण ससोबा, मी तुमच्या मोठीला..."

"तुम्ही दिलं नाहीत म्हणून आम्ही द्यायचं नाही, असं कुठे आहे? आधी मोबाइल काढा. पासवर्ड आहे 'गाजर'."

बिळात पुन्हा व्हिडिओ लागला. सशाची पिल्ले खारूताईच्या पाठीवर चढून बघू लागली. नदीपलीकडच्या पिल्लांनी जांभया दिल्या, नाके खाजवली, एकमेकांना लाथा मारल्या, पण डोळा काही उघडेना. होता नव्हता तेवढा डेटा जांभया बघण्यातच संपला!

"मोराकडे!" ससा ओरडला. खारूताई पुढे, ससा मागे, त्यामागे सशाची सगळी पलटण. मोर फांदीवर पिसे आवरून झोपायच्या बेतात होता. "पासवर्ड सांगा, पासवर्ड!" सगळे एकदम ओरडले. मोर जरा लाजला. "'मीचदेखणा', सगळं जोडून लिहा," तो म्हणाला. मोराचा थोडासाच डेटा उरला होता, पण तेवढ्यात पहिल्या पिल्लाने एक डोळा किलकिला केला, मग दुसरा, आणि आजीकडे टक लावून पाहिले. खारूताईला हसू आणि रडू एकदमच आले. लगेच चित्र थिजले.

"अजून दोघं राहिलीत! अस्वलाकडे!" आता मोरही निघाला, पिसारा काट्याकुट्यांत अडकवीत. अस्वलाच्या गुहेत पोचेपर्यंत खारूताईला धाप लागली होती. ती काही बोलायच्या आधीच अस्वल म्हणाले, "ओवा चावून बरं वाटलं हो मला. ये, बस." आणि आपला मोबाइल चालू होता तो बंद करून त्याने सगळा डेटा तिच्यासाठी मोकळा केला.

दुसऱ्या पिल्लाने आजीला पाहिले. उरले तिसरे, सगळ्यांत धाकटे. ते काही घाई करीना. गुहेत सगळे श्वास रोखून उभे राहिले, आणि बघता बघता सगळेच पुढे सरकले. सशाचे कान, मोराचा तुरा, अस्वलाचे भलेमोठे नाक, आणि मध्ये दबलेली खारूताई. नेमके त्याच वेळी धाकटे उठले आणि त्याने दोन्ही डोळे टक्क उघडले.

क्षणभर ते बघतच राहिले. मग खुदकन हसले.

"अगं आई," पलीकडून लेक म्हणाली, "एवढी तोंडं! यातली आजी कुठली म्हणून सांगू याला?"

खारूताईने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. अस्वलाचे नाक तिच्या गालाला लागत होते.

"सगळीच," ती म्हणाली.

तात्पर्य : ज्याला मुदत असते ते कोंडून ठेवले तरी हातचे जाते, ते वेळीच वाटावे, म्हणजे डेटा संपला तरी शेजार शिल्लक राहतो.