शेवटच्या पंगतीचा पाहुणा

एकदा एक तरुण गृहस्थ काटकसर करायला निघाला, आणि ती त्याला जमली. गोष्ट तिथूनच सुरू होते. न जमलेल्या काटकसरीच्या गोष्टी घरोघरी असतात, त्या सांगायला बाहेरचा माणूस लागत नाही. जमलेली काटकसर मात्र जरा जवळ जाऊन पाहावी लागते.

त्या गृहस्थाचे नाव नरहर. नदीकाठच्या एका मठात वृद्ध आचार्यांजवळ त्याचे शिक्षण झाले, आणि पुढे तो गावच्या पेठेत एका कापडाच्या व्यापाऱ्याकडे कारकुनीला लागला. यथाकाल विवाह झाला. मंजुळा नावाची अबोल, कामसू मुलगी घरात आली आणि दोन वर्षांत पाळण्यात एक तान्ही मुलगीही आली. सारे रीतसर चालले होते. अशात घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला, मालाच्या बैलगाड्या येईनाशा झाल्या, आणि व्यापाऱ्याने एके सकाळी नरहरला समोर बसवून सांगितले, "रस्ता मोकळा होईपर्यंत पगार निम्मा. पटत असेल तर राहा. नाही पटलं, तर माझा राग नाही."

नरहर राहिला. जाणार कुठे?

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे कोणीही सांगते. अंथरूणच निम्मे झाले तर काय करावे, हे सांगायला कोणी पुढे येत नाही. नरहरने ते आपल्या बुद्धीने ठरवले. कर्ज काढायचे नाही, ही पहिली प्रतिज्ञा. मग त्याने स्वतःची पानसुपारी सोडली, परटाकडे कपडे देणे बंद केले, फाटलेल्या वहाणा शिवून घेतल्या. हे त्याच्या पदरात घातलेच पाहिजे, माणूस लबाड नव्हता. एवढे झाल्यावर त्याने आपला मोर्चा स्वयंपाकघराकडे वळवला. दुधाचा रतीब बंद केला. तूप आणि गूळ नावापुरते ठेवले. महिन्याचे धान्य निम्मे करून त्याने पिशवी मंजुळेच्या हातात दिली.

"एवढ्यात भागव," तो म्हणाला.

मंजुळेने पिशवी जरा तोलून पाहिली. "भागेल," ती म्हणाली.

आणि नवल असे की खरोखरच भागले! नरहर दुपारी घरी येई, पाटावर बसे. समोर पूर्वीसारखीच भाकरी, पूर्वीसारखीच आमटी, पळीभर भाजी. मंजुळा दाराशी उभी राहून पूर्वीसारखाच आग्रह करी, "अर्धी तरी घ्या, गरम आहे." तो घेई. जेवून, हात धुऊन तो ओसरीवर टेकला की मग ती आत जाऊन आपले पान घेई. त्या गावात सगळ्या घरांत हीच रीत होती. वाढणारी मागून जेवायची, आणि ती काय जेवते हे पाहायला कोणी आत जात नसे. पाहण्यासारखे त्यात काही आहे, असेच कोणाला वाटत नसे.

महिनाअखेर नरहरने विचार केला. निम्म्या धान्यात जर सारे पूर्वीसारखे चालते, तर आजवर उरलेले निम्मे धान्य जात होते कुठे? उत्तर त्याला सोपे वाटले. तो मंजुळेला म्हणाला, "रागावू नकोस, पण तुझा हात सैल होता. वेळीच आवरलं, बरं झालं."

मंजुळा पाळण्याची दोरी ओढत होती. ती ओढतच राहिली.

दुसऱ्या महिन्यात त्याने धान्य आणखी थोडे कमी केले. तरीही भागले. माणसाला यश पचवणे अन्नाहून अवघड जाते. नरहरच्या चालण्यात एक ताठपणा आला, पेठेतले लोक महागाईचे रडगाणे गाऊ लागले की तो मंद हसून आपल्याकडे सारे पूर्वीसारखेच चालले आहे, असे सांगू लागला. त्याच्या सुखात एकच खोट होती. पाच महिन्यांची मुलगी फार रडे. पाजून खाली ठेवली की रडे, उचलली की रडे, आणि अलीकडे तर रडतानाही तिचा आवाज बारीक झाला होता. शेजारणीने सांगितले की दात येत असतील. नरहरने ते मानले, कारण ते मानायला सोपे होते.

एका सुटीच्या दिवशी तो मठात गेला. आचार्य पारावर सूत कातीत बसले होते. नरहरने नमस्कार केला आणि मोठ्या समाधानाने सांगितले, "आचार्य, आपण संयम शिकवलात, मी तो आचरला. पगार निम्मा झाला, मी खर्च निम्म्याहून खाली आणला. एक पैसा कर्ज नाही, आणि घरात कोणालाही काही कमी पडलं नाही."

आचार्यांची चाती थांबली. "कोणालाही नाही?"

"कोणालाही नाही."

"आणि तुझी लेक? बाळसं धरलंय ना चांगलं?"

"धरील आता. सध्या दातांमुळे किरकिरी झाली आहे."

आचार्यांनी कातलेले सूत गुंडाळून ठेवले. मग म्हणाले, "उद्या तुझ्याकडे जेवायला येतो."

नरहर हरखून घरी गेला. गुरूंचे पाय घराला लागणार, याहून मोठा मान कोणता? त्याने मंजुळेला सांगितले. तिने डब्यात डोकावून पाहिले आणि ती म्हणाली, "येऊ द्या. त्यांच्यापुरतं होईल."

दुसऱ्या दिवशी माजघरात दोन पाट मांडले, भोवती रांगोळीची रेघ ओढली, केळीची पाने धुऊन ठेवली. आचार्य आले. मंजुळा नमस्कार करायला आली, डोक्यावरचा पदर सावरायला तिने हात वर केला तेव्हा हातातल्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकल्या, आणि तिने त्या लगबगीने खाली ओढून घेतल्या. आचार्यांनी आशीर्वाद दिला. पण पाटावर मात्र ते बसले नाहीत.

"नरहर, तू जेवून घे," ते म्हणाले. "आजपुरतं माझं एक व्रत आहे. घरातली शेवटची पंगत जी असेल, तिलाच मी बसणार."

नरहर गोंधळला. "आचार्य, आमच्या घरी पंगत एकच. मागून काय ती ही एकटी जेवते."

"म्हणजे शेवटची पंगत आहे. मी तिला बसेन."

आपल्या हातून काही आगळीक झाली की काय, या विचारातच नरहर पाटावर बसला. पाहुणा भिंतीशी बसलेला, आणि यजमान त्याच्यासमोर जेवतो आहे! मंजुळेने त्याला वाढले. आज पाहुण्यांदेखत आग्रह करायलाही ती विसरली नाही. कसेबसे जेवण उरकून तो उठला. मंजुळा आचार्यांचे पान आणायला वळली, तेव्हा आचार्य म्हणाले, "मुली, तू बस. शेवटच्या पंगतीला वाढणं यजमानाचं काम. नरहर, आत जा आणि दोन पानं वाढून आण. एक माझं, एक हिचं."

मंजुळा चटकन पुढे झाली. "नको," ती म्हणाली, "ते कशाला आत... त्यांना काही सापडायचं नाही. मीच आणते."

"बस, बाळ," आचार्य म्हणाले. त्यांच्या आवाजात असे काही होते की ती होती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली.

नरहर स्वयंपाकघरात गेला. लग्नापासून इतका आत तो बहुधा पाणी प्यायलाच आला असेल. चुलीजवळ एका परातीखाली पाहुण्यांचे पान झाकून ठेवलेले होते: दोन भाकऱ्या, भाजी, वाटीत आमटी, कडेला लिंबाची फोड. तो प्रसन्न झाला. मग मंजुळेसाठी वाढायला त्याने दुरडीवरचे फडके उचलले. दुरडीत काही नव्हते. भाजीची कढई पुसून घेतल्यासारखी स्वच्छ. आमटीच्या पातेल्यात पाणी घालून ठेवले होते, बहुधा भिजायला. शेजारी एका ताटलीत कालच्या भाकरीचा कडक झालेला चतकोर आणि चिमूटभर मीठ होते.

"अगं," त्याने तिथूनच विचारले, "तुझं कुठं ठेवलंयस? इथं नुसतं भिजत घातलेलं पातेलं आहे."

बाहेर बांगड्या वाजल्या.

"ते भिजत नाही घातलेलं," मंजुळा म्हणाली. "ते माझंच आहे. मीठ घातलं की लागतं चांगलं."

नरहर पातेले हातात धरून उभा राहिला. त्या गढूळ पाण्यावर तेलाचे दोन बारीक तवंग फिरत होते. पहिल्या महिन्यातले, दुसऱ्या महिन्यातले, प्रत्येक दुपारचे तिचे "अर्धी तरी घ्या" त्याच्या कानांत एकदम घुमू लागले, आणि त्याला इतकी लाज वाटली की बाहेर जाण्याचे धैर्य होईना.

शेवटी तो दोन्ही घेऊन बाहेर आला. आचार्यांनी झाकलेले पान मंजुळेपुढे सरकवले आणि पातेले अन् ताटली स्वतःपुढे ओढून घेतली.

"आचार्य, हे काय!" नरहर कळवळून म्हणाला. "ते आपण नका खाऊ."

"शेवटच्या पंगतीचं जेवण ते हेच ना? व्रत मोडू नकोस माझं." आचार्यांनी तो चतकोर खारट पाण्यात बुडवला आणि शांतपणे खाल्ला. मग मंजुळेकडे न पाहता म्हणाले, "जेव, बाळ. लाजू नकोस. तू दोघींचं जेवते आहेस."

मंजुळेने पहिला घास घेतला. वडीलधाऱ्यांसमोर ती हळू जेवण्याचा प्रयत्न करत होती, आणि तिला ते जमत नव्हते. नरहरने मान फिरवली.

"फिरवू नकोस," आचार्य हलकेच म्हणाले. "नरहर, तू काल म्हणालास की धान्य निम्मं झालं आणि कोणालाच कमी पडलं नाही. असं कधी होत नसतं, बाबा. निम्मं कमी झालं म्हणजे कोणाला तरी ते कमी पडलंच. फक्त ज्याला पडलं, तो बोलला नाही. आपल्याकडे वाढणारीचं पान सर्वांत शेवटी असतं. म्हणून घरात कपात कोणीही करो, ती सगळ्यांना ओलांडून त्या एकाच पानावर जाऊन पडते. तू खर्च कमी केलास असं तुला वाटलं. तू तो नुसता हिच्या ताटात ढकललास. आणि त्या ताटात ही एकटी जेवत नव्हती. तुझ्या लेकीचं रडणं दातांचं नाही. तीही तिथंच जेवते."

पाळण्यात मुलगी झोपली होती. तिच्या मनगटाकडे नरहरने त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

मंजुळेने पदराने तोंड पुसले. "त्यांचा दोष नाही," ती म्हणाली. "मीच भागेल म्हटलं. नाही भागणार, हे सांगायचं कसं, ते मला ठाऊक नव्हतं."

"आणि मला विचारायचं कसं, ते," नरहर म्हणाला.

आचार्य निघून गेले. संध्याकाळी नरहरने सगळी भांडी चुलीपासून उचलून माजघरात आणली आणि दोघांची पाने एका वेळी, एकमेकांसमोर वाढली. मंजुळेच्या पानात अधिक, आपल्या पानात कमी. त्या दिवशी तो अर्धपोटी उठला. गेल्या दोन महिन्यांत काटकसर म्हणून ज्या गोष्टीची तो एवढी फुशारकी मारत होता, तिची चव त्याला आत्ता कळली.

"रतीब उद्यापासून पुन्हा सुरू," तो म्हणाला. "आता तू सांग. पैसे तर तेवढेच आहेत. कुठं कमी करायचं?"

मंजुळेने दोघांची पाने उचलून बाजूला ठेवली. मग खाली पाहत म्हणाली, "कार्तिकात देवळातल्या नंदादीपाचं तूप आपण देतो. त्यासाठी तुम्ही दर महिन्याला बाजूला काढता. ते यंदा दिलं नाही, तर दूधही येईल आणि धान्यही पुरेल. पण मामंजींपासूनची चाल आहे. तुमचं नाव आहे गावात."

नरहरने सारे कमी केले होते, हे मात्र कमी करण्याचे त्याच्या स्वप्नातही आले नव्हते. पानसुपारी सोडणे सोपे, वहाणा शिवून घालणे सोपे. गावासमोर "मला झेपत नाही" म्हणणे कठीण. ती रात्र त्याने तळमळत काढली.

सकाळी तो देवळात गेला. उत्सवाची बोलणी करायला पंच मंडळी सभामंडपात जमली होती. नरहर हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "यंदा आमच्या घरचं तूप येणार नाही."

मंडळी चकित झाली. एकाने भुवया उंचावल्या, दुसऱ्याने खाकरून विचारले, "का बरं? तुझ्या वडिलांनी कधी खंड पडू दिला नाही. सगळं कसं पूर्वीसारखं चाललंय म्हणून पेठेत सांगत होतास की!"

सांगायला सबबी पुष्कळ होत्या. पेठेतला मंदावलेला धंदा होता, घाटातली दरड होती. नरहरने त्यातली एकही सांगितली नाही.

"चुकीचं सांगत होतो," तो म्हणाला. "घरात अंगावर पाजणारी आई आहे. तिचं पान रिकामं होतं, आणि मला ते माहीत नव्हतं. ते भरलं की मग देवाचं."

पुजाऱ्याने समई पुढे ओढून वात सारखी केली, आणि उत्सवाची बोलणी पुढे सुरू झाली.

त्या दुपारी पंचांपैकी एक वृद्ध गृहस्थ आपल्या घरी जेवून उठले. रोजच्यासारखे ओसरीकडे न वळता ते उष्ट्या हाताने तसेच स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले, आणि आत सून काय वाढून घेते, ते पाहू लागले.