कार्तिकातला फणस

कोकणात, खाडीच्या मुखाशी वसलेल्या कातळगावी त्या वर्षी श्रीशंकरनाथ महाराज चातुर्मासासाठी राहिले होते. मुक्काम रामेश्वराच्या देवळात. कोणी भाकरी आणून दिली तर खावी, नाहीतर तीर्थावर दिवस काढावा, अशी त्यांची वृत्ती. चातुर्मास संपला तरी गावकरी काही त्यांना जाऊ देईनात.

देवळाची झाडलोट आवडी गुरवीण करीत असे. नवरा लवकर गेलेला, मागे मूलबाळ नाही. पण तिच्या तोंडून कधी रडगाणे ऐकू आले नाही. महाराजांवर तिची श्रद्धा अशी, की त्यांनी समुद्रात चाल म्हटले असते तर ती पदर खोचून निघाली असती. गावचे खोत त्र्यंबकपंत मात्र देवळाकडे फिरकत नसत. "एक भगवी छाटी, दुसरी खुळी गुरवीण. छान जमलंय दोघांचं!" असे ते चारचौघांत म्हणत. आवडीच्या कानावर ते यायचे. ती नुसती हसायची.

त्या कार्तिकात पंतांच्या मातोश्री यमुनाकाकू तापाने पडल्या. ताप उतरला, पण अन्नावरची वासनाच उडाली. पेज नको, दूध नको. वैद्यांनी पंतांना बाजूला घेऊन सांगितले, "आता पोटात काही गेलं, तरच औषधाचा उपयोग." पंत आईच्या उशाशी बसून विनवू लागले, "आई, तुला काय हवं ते सांग. काय वाटेल ते करतो." काकू क्षीण आवाजात म्हणाल्या, "माझी आई फणसाच्या रसाची सांदणं वाफवायची रे. तेवढी दे."

कार्तिकात फणस कुठला? स्वयंपाक्याने उन्हाळ्यात वाळवलेली फणसपोळी भिजवून सांदणे केली. काकूंनी एक घास जिभेवर ठेवला आणि तोंड फिरवले. बाहेर ओसरीवर येऊन पंतांनी डोळे पुसले. एरवी घरच्यांनी त्यांना असे कधी पाहिले नव्हते.

काकूंनी आवडीला लहानपणापासून माया लावली होती. ही हकिकत कळताच तिने महाराजांचे पाय धरले. महाराजांनी विचारले, "आवडीबाई, सांदणं येतात तुला?"

"येतात म्हंजे? माझी आय करायची. बरक्या फणसाचे गरे बांबूच्या रोवळीवर घासायची, आन् मी खाली पडणारा रस बोटानं चाटायची. तिचा हात माझ्या हातात हाय, म्हाराज. फणस तेवढा नाय."

"फणसाचं काम ज्याचं तो बघेल. तू जाऊन कण्या भाज."

दुसरा कोणी विचारात पडला असता. आवडी उठली आणि थेट खोतांच्या परसात गेली. तिने तीन दगडांची चूल मांडली, तांदळाच्या कण्या खमंग भाजल्या, गूळ चिरला, नारळ खोवून दूध काढले. फणसाच्या पानांचे द्रोण लावले. आधणही ठेवले.

पंत मागील दारी आले. "आवडे, हे काय चाललंय?"

"काकूंसाठी सांदणं करत्येय."

"आणि फणस?"

"येतोय."

पंत कडवट हसले. "इथे माझी आई मरणाच्या दारात, आणि तुला चेष्टा सुचते? तुझे महाराज आकाशातून टाकणार आहेत का फणस? ऊठ!"

"आधण आलंय, खोत. आता उठता नाय येणार," आवडी शांतपणे म्हणाली आणि तिने जाळ सारखा केला.

इतक्यात महाराज परसाचे बेडे ढकलून आत आले. परसात एक जुना फणस होता. कित्येक वर्षे त्याला फळ धरले नव्हते. पंत तो तोडायचे म्हणत होते. महाराजांनी त्याच्या खोडावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. मग म्हणाले, "पंत, इथं उकरा."

पंत काही बोलणार, तोच बुंध्याजवळची माती भेगाळली आणि त्या भेगेतून वास आला! पिकल्या फणसाचा तो घमघमाट परसभर पसरला. मुळावर फणस धरतो हे कोकणात सगळ्यांना ठाऊक. पण तो वैशाखात. कार्तिकात असे घडलेले कोणी ऐकलेही नव्हते.

पंत गुडघ्यांवर बसले. कुदळ मागायचेही त्यांना सुचले नाही. दोन्ही हातांनी ते माती उपसू लागले. त्यांच्या बोटांना काटेरी साल लागली, तोच घरातून काकूंचा आवाज आला, "अरे, फणस कोणी फोडला?"

पंतांना हुंदका फुटला.

आवडीने फणस फोडला. गरे अस्सल बरक्याचे, मऊ आणि रसाळ. तिने ते रोवळीवर घासले, रसात कण्या कालवल्या, गूळ आणि चवीपुरते मीठ घातले. द्रोण भरून वाफेवर ठेवले. झाकण काढले तेव्हा हळदीच्या रंगाची, टम्म फुगलेली सांदणे पाहून तिने आधी महाराजांकडे पाहून हात जोडले. मग नारळाच्या दुधात बुडवून पहिला घास तिने स्वतःच्या हाताने काकूंना भरवला.

काकूंनी डोळे मिटून तो घोळवला. दुसरा मागितला. तिसऱ्याला त्या भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "आवडे, असा मऊपणा फक्त माझ्या आईच्या हाताला होता गं."

पंत मातीच्या हातांनीच परसात धावले आणि महाराजांच्या चरणांवर कोसळले. "महाराज, मी तुम्हाला नाही नाही ते बोललो. क्षमा करा!"

महाराजांनी त्यांना उठवून छातीशी धरले. "पंत, मी झाडाला हात लावला, तेव्हा काय होणार हे मलाही ठाऊक नव्हतं. पण ह्या बाईनं त्याच्या आधीच आधण ठेवलं होतं. रामेश्वराला तिचा शब्द खोटा कसा पडू देववेल?"

पंत वळले. आवडी परत येऊन चुलीतली लाकडे मागे ओढत होती. सगळ्या घरादारासमोर खोतांनी मातीत वाकून तिच्या पायांशी मस्तक टेकवले. ती संकोचून मागे सरली. "उठा, खोत," ती म्हणाली, "सांदणं गरम हायेत तवर खाऊन घ्या." पंत तिथेच, चुलीशेजारी, भुईवर बसले आणि त्यांनी तिच्यापुढे दोन्ही हात पसरले.

श्रीशंकरनाथ महाराजांच्या चरणी ज्यांचा असा भरवसा, त्यांची चूल कधी थंड न राहो!